मोरीच्या खोलीतलं टेबल

माझ्या नोकरीचं वर्णन मामंजी चारचौघांत एका वाक्यात करायचे. "आमच्या सूनबाई हॉस्पिटलात बसून रक्त खाली बसायची वाट बघतात." ऐकणारे हसायचे. मीही हसायचे आणि आतून जळफळायचे, कारण वर्णन अगदी बरोबर होतं.

ईएसआर नावाची तपासणी असते. रक्तात ते गोठू नये म्हणून औषध मिसळायचं, आकडे कोरलेल्या लांब काचेच्या नळीत भरायचं, नळी स्टँडला ताठ उभी करायची आणि बरोबर एक तास तिच्याकडे बघायचं. लाल पेशी हळूहळू खाली बसतात आणि वर पिवळसर पाणी उरतं. ते किती मिलिमीटर उरलं, तो आकडा. शरीरात कुठे सूज असेल, काही धुमसत असेल, तर पेशी भराभर खाली बसतात आणि आकडा वाढतो. कुठे धुमसतंय ते आकडा सांगत नाही. एवढंच सांगतो की बाबांनो, शोधा.

माझे यजमान हवाई दलात होते आणि आमची बदली चंदीगडला झाली होती. पुण्यात केलेला लॅब टेक्निशियनचा कोर्स माझ्या गाठीशी होता, तो या शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात कामी आला. पंजाबातली ती दहशतीची वर्षं. सकाळी वर्तमानपत्र उघडायच्या आधी माणूस एक श्वास घ्यायचा. बाकी आयुष्य चालू होतं. मुलांच्या शाळा, दुधाच्या रांगा, कर्फ्यू उठला की भाजी.

माझ्या वरच्या डॉक्टर बाई पंजाबी होत्या, सगळे त्यांना मॅडम म्हणत. डायबेटिसचा बाह्यरुग्ण विभाग त्या चालवत. त्यांच्या डोक्यात एक कल्पना होती. त्यांचं म्हणणं, ज्यांना साखर आहे आणि हृदयविकारही आहे, त्यांच्या रक्तात बाहेरून काही दिसत नसलं तरी आत मंद धग चालू असते. नुसती साखर असलेल्यांत ती कमी असणार. हे तपासायला त्यांनी दोन गट केले. पहिल्यांदा नुसत्या साखरेच्या लोकांचं रक्त, मग दोन्ही आजार असलेल्यांचं. प्रत्येकाचा ईएसआर आणि सीआरपी. सीआरपी ही दुसरी खूण. त्यासाठी काचेच्या पट्टीवर रक्तातलं पाणी आणि दुधासारखं लॅटेक्स मिसळायचं, सूज असेल तर कणी धरते. आकडे काढायचे ते मी. तेव्हा असल्या विषयावर फार कुणी बोलत नव्हतं, आणि आपण काहीतरी नवीन करतोय याचा मला केवढा ताठा होता.

पहिला गट संपत आला तेव्हा हॉस्पिटलात बॉम्ब ठेवल्याची अफवा उठली. अफवाच होती, पण दुसऱ्या आठवड्यात आमच्या व्हरांड्याचा कोपरा पोलिसांनी मागितला. तिथे वाळूची पोती रचली, बंदूकधारी जवान बसला. त्या कोपऱ्यात आमचा सिमेंटचा ओटा होता आणि त्यावर माझा स्टँड. मी स्टँड उचलला आणि मागच्या एका छोट्या खोलीत लाकडी टेबलावर नेऊन ठेवला. त्या खोलीत पूर्वी बाटल्या धुवायचे. खिडकी उत्तरेला, खोली थंड, कुणाची ये-जा नाही. मला तर लॉटरी लागल्यासारखं वाटलं.

दुसरा गट सुरू झाला आणि आकडे चढले. साखर आणि हृदय, दोन्ही असलेले लोक येत गेले आणि जवळपास प्रत्येकाचा ईएसआर वर. मॅडम खूश. त्यांची कल्पना खरी ठरत होती. एकच गोष्ट खटकत होती, यातल्या बऱ्याच जणांच्या सीआरपीला कणी धरत नव्हती. आम्ही दोघींनी मिळून ठरवलं की लॅटेक्स जुनं असणार. हे आम्ही किती सहज ठरवलं, ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

त्याच सुमारास मामंजी कऱ्हाडहून आमच्याकडे आले. आले म्हणजे आणावे लागले. बारा वर्षांची साखर होतीच, त्यात हार्ट अ‍ॅटॅक आला होता. पाटबंधारे खात्यात त्यांनी आयुष्यभर सर्व्हेअरची नोकरी केली, कालव्यांच्या लेव्हली काढल्या. हार्ट अ‍ॅटॅकमधून उठून मुलाकडे येताना या गृहस्थांनी ट्रंकेत काय आणावं? औषधं विसरले आणि पाणसळ आणली. पितळी पट्टीची, मध्ये काचेच्या नळीत बुडबुडा असलेली. आल्या दिवशी त्यांनी आमच्या घरातले दोन फोटो, एक फळी आणि गॅसची शेगडी तिरकी असल्याचं जाहीर केलं. शेगडी खरंच तिरकी होती, धिरडं एका बाजूला जाड व्हायचं. पण सुनेला ते सासऱ्याकडून ऐकायचं नसतं.

दोन्ही आजार असल्यामुळे ते मॅडमच्या दुसऱ्या गटात चपखल बसले. त्यांचं रक्त मीच काढलं. आकडा खूप वर आला, सीआरपीला दाट कणी धरली. पण त्या टेबलावर सगळ्यांचेच आकडे वर होते. त्यामुळे त्यांचा आकडा कुणाला वेगळा वाटला नाही. मॅडमनी छातीला नळी लावली, हृदय ठीक आहे म्हणाल्या आणि वहीत नोंद केली.

मामंजींना मात्र चैन पडेना. "एवढा आकडा कसा काय? मला तर काही होत नाही." मग एके दिवशी म्हणाले, "मोजतेस कुठं ते दाखव."

मी त्यांना त्या खोलीत घेऊन गेले. ते दारात उभे राहिले, आत आलेच नाहीत. जमिनीकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या पाणी जायच्या भोकाकडे, मग टेबलाकडे, मग माझ्या नळ्यांकडे.

"सूनबाई, ही मोरीची खोली आहे."

"होती. आता लॅब आहे."

"फरशीला विचारलंस का? पाणी जायला उतार दिलाय तिला. बांधणाऱ्यानं चोख दिलाय. तुझं टेबल उतारावर उभं आहे, टेबलावर स्टँड, स्टँडमध्ये नळ्या. सगळं कललंय."

मी चिडले. इथे लोक चौदा-चौदा वर्षं शिकून डॉक्टर होतात आणि हे दारातून बघून सांगणार. मी म्हटलं, "मामंजी, हा कालवा नाही." ते बाहेरच्या बाकावर माझी ड्यूटी संपेपर्यंत बसून राहिले.

पण मला कोर्समध्ये शिकवलं होतं. पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की नळी थोडी जरी कलली तरी पेशी काचेच्या कडेने घसरत भराभर खाली जातात आणि आकडा फुगतो. स्टँडच्या पायांना लेव्हल करायचे स्क्रू असतात ते याचसाठी. आमच्या स्टँडचे स्क्रू गंजून बसले होते. सिमेंटचा ओटा एकदम सपाट असल्याने त्यांना हात लावायची वेळच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी स्वतःचं रक्त काढून घेतलं. एकाच रक्ताच्या दोन नळ्या भरल्या. एक टेबलावरच्या स्टँडला लावली. दुसरी एका जास्तीच्या स्टँडला लावून व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेली. पोत्यांमागे आमचा जुना ओटा तसाच होता, त्यावर जवानाचा डबा ठेवलेला. मी त्याला म्हटलं, एक तास ही नळी इथे ठेवू द्या, कुणी हात लावायचा नाही. त्याने नळीकडे आणि माझ्याकडे पाहिलं.

"इसमें है क्या, मैडम?"

"मेरा खून।"

त्याने डबा बाजूला केला आणि तासभर इमाने इतबारे पहारा दिला.

ओट्यावर बारा. टेबलावर एकोणीस. म्हणजे मी ठणठणीत होते आणि टेबल आजारी होतं.

मी त्या मोरीच्या खोलीत स्टुलावर बसले आणि हिशेब डोक्यात आपोआप झाला. पहिला गट सगळा ओट्यावर मोजलेला. दुसरा गट सगळा टेबलावर. मॅडमना दोन गटांत जो मोठा फरक दिसत होता, त्यातला किती रक्ताचा आणि किती फरशीचा, हे देवालाही सांगता आलं नसतं. त्यांचा लेख टाइप व्हायला घेतला होता. टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठा सारला असता आणि गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला. आला होता, हे मी लपवत नाही.

घरी गेले तर मामंजी गॅलरीत बसले होते. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि एवढंच विचारलं, "किती उतार?"

मी आकडे सांगितले. त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "नोकरीला लागलो तेव्हा एका पाटाची लेव्हल माझ्याकडून चुकली. कुणाला सांगितलं नाही. वाटलं, पाणी घेईल सांभाळून. शेवटच्या शेतापर्यंत पाणी गेलंच नाही, सूनबाई. तिथला माणूस दर आठवड्याला ऑफिसात येऊन बसायचा, आणि मी त्याला चहा पाजायचो." एवढं बोलून ते आत गेले. बारा वर्षांत ते माझ्याशी इतकं लांब बोललेले मला आठवत नाहीत.

मॅडमना मी सकाळीच सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. त्यांनी चष्मा काढला. वही पुढे ओढली.

"सारे?"

"स्टँड हलवल्यापासूनचे सारे."

"तो दोबारा करेंगे," त्या म्हणाल्या. "सबको चिट्ठी भेजो। लिख दो मशीन खराब थी।"

तिथे माझं डोकं फिरलं. मशीन कुठे होती? काचेची नळी, लाकडी टेबल आणि मी. मी म्हटलं, मॅडम, त्या लोकांना आपण सांगितलंय की तुमच्या रक्तात धग आहे. काही जण घाबरून बसले असतील. चूक आपली आहे, रक्ताची नाही, हे त्यांना कळायला हवं. आवाज माझा जरा चढलाच. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की वाटलं, संपली नोकरी. मग म्हणाल्या, "लिखो फिर। गलती हमारी है। मेरा नाम भी लिखो।"

लिहायला बसले तर दुसरीच अडचण. आमचे निम्मे पेशंट म्हातारे पंजाबी, फाळणीच्या आधी शाळेत गेलेले. त्यांना हिंदी वाचता यायचं नाही, उर्दू यायचं. बाकीच्यांतले बरेच गुरुमुखीवाले. यातून सोडवलं एका पेशंटनेच. डेराबस्सीकडच्या गावातले निवृत्त हेडमास्तर, पांढरी दाढी, आकाशी पगडी, तेही दुसऱ्या गटातलेच. औषधाला आले होते, मी त्यांनाच सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बेटा जी, सारी उमर विच किसे सरकारी दफ्तर दी एह चिट्ठी नहीं वेखी कि गलती साडी है।" चूक आमची आहे असं सांगणारं सरकारी पत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. तिथेच बाकावर बसून त्यांनी पोस्टकार्डं लिहायला घेतली, एक गठ्ठा उर्दूत, एक गुरुमुखीत. हिंदीतली मी लिहिली. मॅडमनी प्रत्येकावर सही केली, मी हॉस्पिटलचा शिक्का मारला.

टेबलाचं काम मामंजींकडे. ते पाणसळ घेऊन आले, पायांखाली जुन्या एक्स-रे फिल्मचे तुकडे कापून सारले, पट्टी आडवी ठेवली, उभी ठेवली, तिरकी ठेवली. बुडबुडा मधोमध आल्यावरही समाधान होईना, म्हणून मॅडमना बोलावून त्यांना तो दाखवला. मॅडम वाकून बघत होत्या आणि मामंजी त्यांच्या हिंदीत सांगत होते, "अब पानी भी बोलेगा तो सच बोलेगा।"

लोकांना आम्ही बोलावलं त्या दिवसासाठी नेमका बंद पुकारला गेला. आदल्या दिवशी संध्याकाळी रेडिओवर ऐकलं आणि मी कपाळाला हात लावला. बस बंद, दुकानं बंद, नाक्यानाक्यावर पोलीस. महिन्याभरापूर्वीच बसमधून उतरवून माणसं मारली होती. कोण येणार होतं, आणि कुठल्या तोंडाने आम्ही त्यांना या म्हणावं?

सकाळी मी चालत हॉस्पिटलात गेले. मोरीच्या खोलीत नळ्या धुऊन, वाळवून ओळीने ठेवल्या. साडेनऊपर्यंत कुणी नाही. मग व्हरांड्यात बूट वाजले. पंचकुल्याचे कापड दुकानदार, सायकलवर. त्यांच्यामागून दोघे चालत. दहाच्या सुमारास दुधाच्या मॅटाडोरमधून हेडमास्तरजी उतरले आणि त्यांच्यामागे उतरतच राहिले सगळे. पगड्या, टोप्या, एक आजी पदर सावरत, दोघे भाऊ. दुधाच्या कॅनवर बसून आले होते. वाटेत तीन नाके लागले म्हणे. प्रत्येक ठिकाणी हेडमास्तरजींनी माझं पोस्टकार्ड पुढे केलं. एका हवालदाराने ते मोठ्याने वाचलं, गलती हमारी है, आणि शिपायाला सांगितलं, जाने दे इनको, डॉक्टर ने गलती मानी है, यह तो देखना पड़ेगा.

सगळे आले असं नाही. पण जवळजवळ सगळे आले. त्या दिवशी मी इतक्या शिरा शोधल्या की दुपारी माझी बोटं वाकेनात. पोत्यांमागचा जवान लोकांना रांगेत बसवत होता. मी प्रत्येकाला सांगत होते की मागचा आकडा विसरा, आणि प्रत्येक जण उलट माझीच समजूत घालत होता. माझ्या नोकरीची अशी शान मी आधी कधी पाहिली नव्हती. आज सांगते, मला त्या दिवशी रडायला येत होतं आणि मान ताठ होती.

आकडे उतरले. बहुतेकांचे उतरले आणि आता सीआरपीशी जुळायला लागले. लॅटेक्स बिचारं पहिल्यापासून खरं बोलत होतं. दोन गटांत फरक उरला, पण छोटा. मॅडमनी टाइप केलेला लेख फाडला आणि नवा लिहायला घेतला, आधीच्यापेक्षा निम्म्या आवाजाचा. "छोटा है, पर अपना है," म्हणाल्या.

एकच आकडा हट्टाने वर राहिला. मामंजींचा. सपाट टेबलावर, त्यांनी स्वतः लेव्हल केलेल्या. थोडाफार उतरला, पण बाकीच्यांच्या कुठल्या कुठे वर. सीआरपीला तशीच दाट कणी. मी नळी परत लावली, परत तोच. तोपर्यंत सगळ्यांच्या फुगलेल्या आकड्यांत तो दडून बसला होता. आता एकटा उघडा पडला.

मी कागद घेऊन मॅडमकडे गेले तेव्हा मामंजी तिथेच खुर्चीवर होते. मॅडमनी कागद बघितला, मग माझ्याकडे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घर का केस है। एक बार बाहर की लैब से भी करवा लेते हैं।"

मी मान हलवणार तेवढ्यात मामंजी बोलले. त्यांच्या त्या कऱ्हाडी हिंदीत, अगदी शांतपणे. "बाहर क्यों? मेरी बहू ने नापा है। आकड़ा सही है। आप बीमारी ढूँढो।"

मॅडम उठल्या. त्यांनी डोक्यापासून सुरुवात केली. कान, दात, मान, छाती, पोट. शेवटी म्हणाल्या, मोजे काढा. मामंजी घरात सुद्धा मोजे घालायचे, फरशी गार लागते म्हणून. डावा मोजा निघाला आणि तळव्याला अंगठ्याखाली एक छोटं गोल भोक दिसलं. कडेला पांढरी कातडी, आत पू. बुटात खिळा वर आला होता आणि सुखना तलावाकाठच्या फिरण्यात महिनाभर तळव्यात घुसत होता. साखरेने पायाची जाणीव गेलेली, त्यांना कळलंच नाही. दारातून फरशीचा उतार ओळखणाऱ्या माणसाने स्वतःचा तळवा बघितला नव्हता.

जखम कापून साफ केली, इन्सुलिन सुरू झालं, सहा आठवडे पाय उशीवर. सर्जन म्हणाले, हाडापर्यंत जायला थोडंच उरलं होतं, अजून उशीर झाला असता तर पाय ठेवता आला नसता. त्या सहा आठवड्यांत हेडमास्तरजी दोनदा येऊन गेले. दोघे म्हातारे मोडक्या हिंदीत कालवे आणि शाळा यावर बोलत बसायचे. माझ्याशी मामंजी पूर्वीसारखेच. मॅडमसमोर माझ्याबद्दल जे बोलले त्याचा त्यांनी पुन्हा उल्लेख केला नाही, आणि मीही केला नाही.

हिवाळा सरल्यावर ते दोन्ही पायांवर चालत स्टेशनात शिरले आणि कऱ्हाडला गेले. पाणसळ मात्र माझ्या टेबलावर राहिली. विसरलात म्हटलं तर म्हणाले, मी कुठे काय विसरतो.

महिन्याभराने त्यांचं पोस्टकार्ड आलं. घरी नाही, हॉस्पिटलात. आतापर्यंतचं प्रत्येक कार्ड मुलाच्या नावाने यायचं, हुद्द्यासकट, आणि शेवटी सूनबाईस आशीर्वाद असायचे. यावर पत्त्यात माझं पूर्ण नाव होतं, खाली लॅब टेक्निशियन, त्याखाली विभाग, आणि मग हॉस्पिटल. आत चारच ओळी. "पाय उत्तम. रोज बुटात हात घालून बघतो. इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, गेलो होतो. टेबल दोन सूत उतरतं होतं, म्हणून न देता परत आलो. तू सुट्टीला येशील तेव्हा तूच मोज."